टीव्हीच्या केबलमधून इंटरनेट येतं कसं, आणि रात्री फक्त तुमचाच आवाज का तुटतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण उत्तर त्यातल्या एका बारीक तपशिलावर ठरणार आहे. तुमच्याकडे केबल मोडेमवरचं २०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. दिवसा स्पीड टेस्ट पूर्ण आकडा दाखवते. रात्री आठ ते अकरा या वेळात डाउनलोड थोडं उतरतं, दीडशेच्या आसपास येतं, पण खरा त्रास व्हिडिओ कॉलचा आहे. समोरच्याचं बोलणं तुम्हाला नीट ऐकू येतं, तुमचं मात्र त्याला तुकड्यातुकड्यांत पोहोचतं. मोडेमच्या लॉगमध्ये ‘टी-थ्री टाइमआउट’च्या नोंदींची रांग लागते. मित्र म्हणतो, केबलची वायर सगळ्या शेजाऱ्यांत वाटलेली असते, रात्री गर्दी झाली की असं होणारच. कंपनीचा माणूस दुपारी येऊन मीटर लावून गेला आणि म्हणाला, लाइन ठीक आहे. यातलं खरं कोण, आणि मुळात टीव्हीच्या वायरीतून डेटा येतो तरी कसा, असं तुम्ही विचारलंय.

मी वीसेक वर्षं केबल नेटवर्कच्या देखभालीत आहे. त्यातला मोठा काळ एकाच गोष्टीत गेला: परतीच्या मार्गातला नॉइज, म्हणजे सिग्नलमध्ये घुसणारा नको तो विद्युत गोंगाट, शोधणं. परतीचा मार्ग म्हणजे घराकडून कंपनीकडे जाणारा रस्ता, ज्याला आम्ही अपस्ट्रीम म्हणतो. म्हणून तुमच्या प्रश्नात माझी नजर पहिल्यांदा ‘समोरच्याचं मला ऐकू येतं, माझं त्याला नाही’ या वाक्यावर गेली. वायर सामायिक असते हे मित्राचं म्हणणं खरं आहे. दुपारी लाइन ठीक होती हे टेक्निशियनचं म्हणणंही खरं असू शकतं. पण तुमच्या लक्षणांचा उलगडा या दोन्हींतून होत नाही. तुमचे मोडेमचे आकडे मी पाहिलेले नाहीत, तुमच्या भागात एका नोडवर, म्हणजे वस्तीजवळच्या वाटप पेटीवर, किती घरं आहेत आणि मोडेम कोणत्या पिढीचा आहे हेही मला माहीत नाही. त्यामुळे निदान छातीठोकपणे सांगणार नाही. ते कसं करायचं, हे मात्र नक्की सांगता येईल.

सुरुवात वायरीपासून करू. टीव्हीची जाड गोल केबल, म्हणजे कोअॅक्सियल केबल, ही एका अर्थाने बंदिस्त रेडिओ आहे. मधे तांब्याचा गाभा, भोवती इन्सुलेशन, त्यावर धातूची फॉइल आणि जाळी. बाहेरच्या हवेत ज्या फ्रिक्वेन्सींवर रेडिओ, टीव्ही, विमानांचे आणि मोबाइलचे संदेश चाललेले असतात, त्याच फ्रिक्वेन्सी या नळीच्या आत आपल्याला मोकळ्या वापरता येतात, कारण जाळी आतलं बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचं आत येऊ देत नाही. ही जाळी शाबूत असणं किती महत्त्वाचं आहे ते पुढे कळेल.

केबल टीव्हीसाठी ही जागा पट्ट्यांमध्ये कापलेली होती. उत्तर अमेरिकेच्या पद्धतीत एका चॅनेलला ६ मेगाहर्ट्झ, युरोपीय पद्धतीत ८. केबल मोडेमची युक्ती अशी की, यातल्या काही पट्ट्यांवर चित्राऐवजी डेटा बसवायचा. बाकीच्या यंत्रणेला फरक कळतही नाही, तिच्या दृष्टीने तो आणखी एक चॅनेल असतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे मोडेम एकमेकांशी जुळावेत म्हणून केबललॅब्ज या संस्थेने १९९७ मध्ये डॉक्सिस नावाचं प्रमाण आणलं, आणि आज जगभरातले बहुतेक केबल मोडेम त्याच्याच कुठल्या ना कुठल्या आवृत्तीवर चालतात.

डेटा बसवतात तो क्वाम या पद्धतीने. लहरीची उंची आणि तिची कला, म्हणजे फेज, अशा दोन गोष्टी एकाच वेळी बदलायच्या आणि त्यांच्या ठरावीक जोड्यांना अर्थ द्यायचा. कागदावर १६ बाय १६ ठिपक्यांची जाळी काढलीत तर २५६ ठिपके होतात. दर वेळी यातला एक ठिपका पाठवायचा. २५६ पैकी एक म्हणजे ८ बिट. ६ मेगाहर्ट्झच्या पट्टीत सेकंदाला सुमारे ५३.६ लाख ठिपके पाठवता येतात, म्हणजे जवळजवळ ४३ एमबीपीएस. त्यातून चुका दुरुस्त करण्यासाठी जोडलेले जादा बिट आणि बाकीचा खर्च वजा केला की हाती सुमारे ३८ उरतात. ८ मेगाहर्ट्झच्या पट्टीत हाच आकडा पन्नासच्या आसपास जातो. २००६ मध्ये आलेल्या डॉक्सिस ३.० ने अशा अनेक पट्ट्या एकत्र बांधून एकाच मोडेमला द्यायची सोय केली. ८ पट्ट्या बांधल्या तर तीनशे एमबीपीएस होतात. तुमचे २०० असेच कुठल्यातरी गठ्ठ्यातून येत असणार.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. २०० ही वायरीची मर्यादा नाही. मोडेम सुरू होताना कंपनीच्या सर्व्हरवरून एक छोटी कॉन्फिगरेशन फाइल उतरवून घेतो आणि त्या फाइलीत तुमच्या प्लॅनचा वेग लिहिलेला असतो. तो वेग ओलांडला की पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, रोखली जातात. म्हणून दिवसा टेस्ट जेव्हा बरोबर २०० वर थांबते तेव्हा ती ही मर्यादा मोजत असते. वायरीत किती जागा शिल्लक आहे, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

आता रस्ता. कंपनीच्या मुख्य केंद्रात, हेडएंडमध्ये, सीएमटीएस नावाचं यंत्र असतं. मोडेमांचा कारभार तेच बघतं. तिथून फायबर निघते ती वस्तीजवळच्या नोडपर्यंत. नोड म्हणजे खांबावरची किंवा रस्त्याकडेची एक पेटी, जिथे प्रकाशाचं पुन्हा विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर होतं. पुढे कोअॅक्सियल केबल झाडाच्या फांद्यांसारखी पसरते. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका सिग्नल केबलमध्ये लवकर विरतो, म्हणून वाटेत ॲम्प्लिफायर लागतात. त्यांना लागणारी वीजसुद्धा त्याच केबलमधून ६० किंवा ९० व्होल्ट एसीने पाठवलेली असते. जागोजागी टॅप असतात, आणि टॅपवरून एक बारीक केबल तुमच्या घरात येते. एका नोडवर कुठे शंभर घरं असतात, कुठे पाचशे, जुन्या नेटवर्कमध्ये त्याहूनही जास्त.

खाली येणाऱ्या दिशेला व्यवस्था सोपी आहे. बोलणारा एक, ऐकणारे अनेक. सीएमटीएस जे पाठवतं ते नोडवरच्या सगळ्या मोडेमपर्यंत पोहोचतं, प्रत्येक मोडेम आपलं तेवढं उचलतो आणि बाकीचं सोडून देतो. शेजाऱ्याचा डेटाही आपल्या वायरीत येतो हे ऐकून लोक घाबरतात, पण मोडेम आणि सीएमटीएस यांच्यातला डेटा सांकेतिक केलेला असतो आणि किल्ली प्रत्येक मोडेमची वेगळी असते. जागा सगळ्यांत वाटलेली आहे हे खरं, पण सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगाने काही उतरवत नाहीत. वेब पान उघडलं की अर्धा सेकंद मागणी येते आणि मग माणूस वाचत बसतो. या मोकळ्या वेळा एकमेकांच्या कामी येतात, म्हणूनच तीनशे एमबीपीएसच्या गठ्ठ्यावर शेकडो घरं सुखाने राहू शकतात.

वर जाणारी दिशा मात्र पूर्ण वेगळी आहे आणि तुमचा प्रश्न तिथलाच आहे. तिथे बोलणारे अनेक आणि ऐकणारा एक. त्यातून अडचण अशी की मोडेमना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. टॅपची रचनाच अशी असते की घरातून निघालेला सिग्नल नोडकडे जातो, शेजारच्या घरात शिरत नाही. त्यामुळे दुसरा बोलत नाही ना हे ऐकून मग आपण बोलायचं, ही सोय नाही. सगळ्यांनी मनात येईल तेव्हा पाठवलं तर नोडवर नुसता गोंधळ पोहोचेल.

म्हणून सीएमटीएस वेळापत्रक चालवतं. तुमच्या तोंडून निघालेल्या एका शब्दाचा प्रवास बघू. व्हिडिओ कॉलचं ॲप आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याचं एक पॅकेट बनवतं, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. एक पॅकेट मोडेमपाशी आलं. मोडेमला ते लगेच पाठवता येत नाही. आधी तो एक छोटीशी विनंती पाठवतो: ‘मला इतकी जागा हवी’. ही विनंती पाठवायला जी वेळ राखून ठेवलेली असते ती सगळ्यांना सामायिक असते. दोन मोडेमनी एकदमच विनंती केली तर दोन्ही वाया जातात आणि दोघंही थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करतात, प्रत्येक अपयशानंतर आणखी लांब अंतराने. विनंती पोहोचली की सीएमटीएस पुढच्या वेळापत्रकात तुमच्या मोडेमचं नाव टाकतं. हे वेळापत्रक, ज्याला मॅप म्हणतात, दर काही मिलिसेकंदांनी खाली सगळ्यांना जातं. तुमचा मोडेम त्यात आपली वेळ वाचतो आणि नेमक्या त्या क्षणी पॅकेट सोडतो. पॅकेट ओळीने येत असतील तर पुढच्या पॅकेटची विनंती आधीच्या पॅकेटच्या पाठीवर बसून जाते, तेवढीच धक्काबुक्की टळते.

‘नेमक्या त्या क्षणी’ हे शब्द मी मुद्दाम वापरलेत. वेळापत्रकातला सर्वांत लहान तुकडा ६.२५ मायक्रोसेकंदांच्या पटीत मोजला जातो. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे तुमच्यापेक्षा दोन किलोमीटर लांब असलेल्या मोडेमने घड्याळात तीच वेळ बघून सोडलेलं पॅकेट दहा मायक्रोसेकंद उशिरा पोहोचणार आणि दुसऱ्याच्या जागेत घुसणार. हे टाळायला प्रत्येक मोडेमने किती आधी बोलायचं आणि किती जोरात बोलायचं हे सीएमटीएस ठरवून देतं. मोडेम चालू होताना आणि नंतरही दर काही सेकंदांनी हा हिशेब पुन्हा तपासला जातो. त्याला रेंजिंग म्हणतात. मोडेम विचारतो, ‘मी बरोबर पोहोचतोय का?’ आणि सीएमटीएस सांगतं, ‘जरा आधी बोल, दोन डेसिबल आवाज वाढव.’

तुमच्या लॉगमधला टी-थ्री म्हणजे याच प्रश्नाला उत्तर न मिळणं. मोडेमने रेंजिंगची विनंती पाठवली, २०० मिलिसेकंद वाट पाहिली आणि उत्तर आलं नाही. अधूनमधून एखादा टी-थ्री येणं ठीक आहे, मी तिकडे बघतही नाही. लागोपाठ १६ वेळा उत्तर आलं नाही तर मोडेम तो चॅनेल सोडून नव्याने सुरुवात करतो, आणि त्या वेळात तुमचा कॉल पूर्ण गोठतो.

आता मित्राच्या गर्दीच्या सिद्धांताकडे येऊ. चालू मोडेमच्या नेहमीच्या रेंजिंगसाठी सीएमटीएस प्रत्येकाला स्वतंत्र, राखीव वेळ देतं. ती वेळ गर्दीत कोणी हिसकावून घेत नाही. वायर कितीही भरलेली असली तरी ती विनंती पोहोचायला हवी. ती पोहोचत नसेल, किंवा तिचं उत्तर येत नसेल, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: सिग्नल नॉइजमध्ये बुडतोय किंवा वाटेत फार विरतोय. नुसत्या गर्दीने कॉल अडखळेल, अपलोड मंदावेल, पण टी-थ्रीची रांग लागणार नाही. तुमच्याकडे ती लागते, म्हणून माझा पहिला संशय नॉइजवर आहे.

‘पण मग रात्रीच का?’ असं तुम्ही विचाराल. कारण रात्री फक्त इंटरनेटची गर्दी वाढत नाही, घराघरांतली विजेची उपकरणंही सुरू होतात. वेळ जुळते म्हणून लोक सरळ गर्दीवर बोट ठेवतात. मीही नवीन असताना हेच करायचो आणि चुकायचो.

अपस्ट्रीमची जागा मुळातच अडचणीची आहे. जुन्या अमेरिकी मांडणीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, युरोपीय मांडणीत ५ ते ६५. डाउनस्ट्रीमला ५४ पासून पुढे हजार मेगाहर्ट्झपर्यंतची जागा मिळू शकते आणि वरच्या दिशेला जेमतेम ३७. केबल टीव्हीच्या काळात घराकडून काही परत पाठवायचंच नव्हतं, त्यामुळे उरलेली खालची पट्टी या कामाला आली. त्या पट्टीत बाहेरच्या जगाचा सगळा कचरा असतो: शॉर्टवेव्ह रेडिओ, मोटारींच्या ठिणग्या, स्वस्त पॉवर अडॅप्टर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर. १५ मेगाहर्ट्झच्या खालची जागा बरीच नेटवर्कं वापरायलाही धजत नाहीत. उरलेल्या जागेत ६.४ मेगाहर्ट्झचे चार चॅनेल बसवले आणि ६४ क्वाम वापरलं, तर एकेका चॅनेलमधून सुमारे २७ एमबीपीएस मिळतात. चौघांचे मिळून शंभर-एकशे दहा. त्या भागातल्या सगळ्या घरांच्या अपलोडला मिळून एवढंच. नॉइज वाढला की सीएमटीएस ६४ ठिपक्यांवरून १६ वर उतरतं, कारण ठिपके लांब लांब असले की चूक कमी होते. मग तोच चॅनेल दोन तृतीयांश होतो. म्हणजे नॉइजमुळे गर्दीसुद्धा तयार होते. म्हणूनच या दोन गोष्टी वेगळ्या काढायला मन लावून बघावं लागतं.

यातली सर्वांत त्रासदायक बाब म्हणजे नॉइजचं नरसाळं. खालच्या दिशेला एखाद्या घरात नॉइज शिरला तर त्याचा त्रास त्याच घराला होतो. वरच्या दिशेला फांद्या खोडाकडे एकत्र येतात, तशी प्रत्येक घरातली घाण नोडपाशी एकत्र होते. शंभर घरांपैकी एका घरातला सैल कनेक्टर बाकीच्या नव्व्याण्णवांचा अपस्ट्रीम बिघडवू शकतो. स्वतः त्या घरातल्या माणसाला कदाचित काही जाणवणारही नाही.

असं एक प्रकरण माझ्या नीट लक्षात आहे. एका ग्राहकाची तक्रार तुमच्यासारखीच होती. त्याच्या घरची केबल तीनदा बदलून झाली, मोडेम दोनदा बदलला. प्रत्येक वेळी टेक्निशियन दिवसा गेला आणि सगळं ठीक आहे असं लिहून आला. शेवटी मी संध्याकाळी साडेसातला नोडपाशी उभा राहिलो, सहकारी हेडएंडमध्ये स्पेक्ट्रम ॲनालायझरसमोर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या यंत्रासमोर. पावणेआठला त्याच्या पडद्यावर ५ ते २० मेगाहर्ट्झमध्ये एक फुगवटा उभा राहिला. आता नोडपासून निघणारी फांदी शोधायची. एकेका फांदीच्या परतीच्या वाटेत क्षणभर काही डेसिबलचा पॅड, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करणारा छोटा भाग, टाकायचा आणि सहकाऱ्याला विचारायचं, ‘खाली आलं का?’ ज्या फांदीवर फुगवटा खाली येतो तिच्यावर पुढे जायचं, पुढच्या ॲम्प्लिफायरपाशी हेच पुन्हा. दीड तासाने एका टॅपवर पोहोचलो आणि तिथून एका घरात, तक्रार करणाऱ्याच्या घरापासून चार घरं पलीकडे.

टीव्हीमागे एक कनेक्टर होता. कोणीतरी घरच्या घरी हाताने बसवलेला. जाळीचे तीन-चार धागे कनेक्टरखाली दाबलेले, बाकीचे मागे मुडपून ठेवलेले, आणि गाभ्याच्या तारेवर हिरवट थर चढलेला. शेजारी एका दिव्याचं अडॅप्टर केबलला टेकून पडलं होतं. मी कनेक्टर काढला तेव्हा फोनवर सहकारी म्हणाला, ‘गेलं.’ नवीन कनेक्टर बसवून, पान्याने नीट आवळून पुन्हा जोडलं, दिवा चालूच ठेवला, तरी पडदा स्वच्छ राहिला. दिव्याचा दोष फारसा नव्हता, जाळी फाटकी होती म्हणून त्याचा नॉइज आत शिरत होता. त्या घरातल्या बाईंचं इंटरनेट तोपर्यंत व्यवस्थित चालू होतं, त्यामुळे आम्ही त्यांच्याकडे का आलोय हे समजावून सांगायलाच मला बराच वेळ लागला.

आता टेक्निशियनच्या ‘लाइन ठीक आहे’ या शब्दांचा अर्थ तुम्हाला लागेल. त्याने तुमच्या घरात मीटर लावून खाली येणारा सिग्नल मोजला. अपस्ट्रीमची गुणवत्ता तुमच्या घरात मोजताच येत नाही, ती सीएमटीएसपाशीच कळते. त्यात तो आला दुपारी. त्याने जे मोजलं ते बरोबरच असणार, पण त्रास होत असलेली वेळ आणि जागा दोन्ही त्याच्या मोजणीतून निसटल्या.

डाउनलोडही रात्री थोडं उतरतं, त्याचंही कारण इथेच असू शकतं. डाउनलोड होताना तुमचा संगणक ‘इथपर्यंत मिळालं’ अशा पोचपावत्या सतत वर पाठवत असतो. पोचपावत्या उशिरा गेल्या की समोरचा सर्व्हर हात आखडता घेतो. वरची वाट तुंबली की खालची वाटही मंदावते ती अशी.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. कॉल तुटतो त्या वेळी आधी संगणक थेट मोडेमला वायरने जोडून बघा, म्हणजे वायफायचा दोष असेल तर तो बाजूला पडेल. त्याच वेळी घरातल्या कुणाच्या फोनवर फोटो-व्हिडिओंचा बॅकअप चालू आहे का तेही बघा. जुन्या मोडेममध्ये वर जाणाऱ्या पॅकेटसाठी मोठी रांग धरून ठेवायची सवय असते. एका फोनने ती रांग भरली की तुमच्या आवाजाचं पॅकेट तिच्या शेवटी जाऊन उभं राहतं. डॉक्सिस ३.१ च्या मोडेममध्ये ही रांग आखूड ठेवायची सोय सक्तीची केली आहे. बॅकअप बंद केल्यावर कॉल सुधारला तर बाहेर शोधायची गरजच नाही. पण लक्षात ठेवा, यानेही टी-थ्री येत नाहीत.

मग मोडेमचं पान उघडा. बहुतेक केबल मोडेममध्ये ते १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर मिळतं, काही कंपन्या मात्र ते बंद ठेवतात. तिथले आकडे दुपारी एकदा आणि रात्री त्रास होत असताना एकदा लिहून घ्या किंवा फोटो काढा. डाउनस्ट्रीम पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दरम्यान असेल तर मी निश्चिंत असतो. प्रमाणात उणे १५ ते अधिक १५ चालतं असं लिहिलंय, पण कडेला असलेला मोडेम हवामान बदललं तरी कुरकुरतो. एसएनआर, म्हणजे सिग्नल नॉइजच्या किती वर आहे तो आकडा, २५६ क्वामला ३३ डेसिबलच्या वर हवा. अपस्ट्रीम पॉवर बघताना थोडं उलटं वाचावं लागतं. तो आकडा म्हणजे मोडेमला किती जोरात ओरडावं लागतंय ते. ३५ ते ४८ ठीक. पन्नासच्या पुढे गेला तर मोडेम जवळजवळ सगळी ताकद लावून बोलतोय आणि तरी सीएमटीएसला तो हळूच ऐकू येतोय. अशा वेळी तुमच्या घराच्या केबलीतच काहीतरी सिग्नल खातंय.

तो खाणारा बहुतेक वेळा स्प्लिटर असतो. दोन वाटा करणारा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर सुमारे साडेतीन डेसिबल खातो, जाताना आणि येताना दोन्हीकडे. एकापुढे एक असे दोन-तीन जोडलेले असतील तर हिशेब तुम्हीच करा. मोडेम पहिल्या स्प्लिटरवर किंवा शक्य असेल तर त्याच्याही आधी जोडा. न वापरलेल्या तोंडांवर ७५ ओहमचं टर्मिनेटर लावा, कारण उघडं तोंड नॉइजला वाट देतं आणि सिग्नल परतवून मोडेमला गोंधळात टाकतं. कनेक्टर बोटांनी आवळल्यावर पान्याने अगदी थोडासा आणखी फिरवा. घरात सिग्नल वाढवायला ॲम्प्लिफायर लावायचा मोह मात्र टाळा. स्वस्त ॲम्प्लिफायर वरच्या दिशेला एकतर बंद असतो किंवा घरातला सगळा नॉइज वाढवून नोडकडे ढकलतो.

रात्रीच्या आणि दुपारच्या आकड्यांत पॉवर, एसएनआर सगळं जवळपास सारखंच असेल, टी-थ्री मात्र रात्री येत असतील, आणि घरातलं वायरिंग तुम्ही वर सांगितल्याप्रमाणे ठीक केलेलं असेल, तर दोष तुमच्या घरात नाही. तो नोडवर कुठल्या तरी दुसऱ्या फांदीवरून येतोय. उलट टी-थ्री नसतील आणि तुम्ही काहीही वापरत नसताना कंपनीच्या पहिल्या राउटरपर्यंतचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, जो एरवी दहा मिलिसेकंदांच्या आसपास असतो, रात्री शंभरच्या पुढे उड्या मारत असेल, तर ती खरी गर्दी आणि तुमचा मित्र बरोबर. त्यावर उपाय कंपनीच्याच हातात असतो: नोडचे दोन भाग करायचे, नाहीतर वरच्या दिशेची जागा वाढवायची. बरीच नेटवर्कं आता अपस्ट्रीम ८५ किंवा २०४ मेगाहर्ट्झपर्यंत नेतायत. २०१३ च्या डॉक्सिस ३.१ ने मोठी पट्टी हजारो बारीक उपवाहकांत वाटून प्रत्येकाचं क्वाम वेगवेगळं ठेवायची मुभा दिली, त्यामुळे एखाद्या तुकड्यात नॉइज असला तर तेवढाच तुकडा मंद करून बाकीची पट्टी वेगात चालवता येते. तुमच्या भागात हे आलंय का, हे मोडेमच्या पानावर ‘ओएफडीएमए’ असा चॅनेल दिसतो का त्यावरून कळेल.

कंपनीला फोन करताना ‘इंटरनेट हळू आहे’ असं म्हणू नका, त्यावर दुपारचा टेक्निशियनच येईल. त्यांना सांगा: रात्री आठ ते अकरा या वेळातला माझ्या अपस्ट्रीम पोर्टचा एसएनआर, दुरुस्त न झालेल्या कोडवर्डचं प्रमाण आणि पोर्ट किती टक्के भरतो, हे तीन आकडे बघा, आणि त्याच पोर्टवर आणखी किती मोडेमना टी-थ्री येतायत ते सांगा. पोर्ट म्हणजे सीएमटीएसचं तुमच्या भागासाठीचं तोंड, आणि कोडवर्ड म्हणजे चुका दुरुस्त करायच्या जादा बिटांसकट पाठवलेला डेटाचा गठ्ठा. ही नोंद सीएमटीएसकडे असते. शेजारच्या मोडेमनाही त्याच वेळी टी-थ्री येत असतील तर तुमच्या घरी माणूस पाठवण्याऐवजी नोडवर लाइन मेंटेनन्सचा माणूस पाठवावा लागतो. हे त्यांच्या तांत्रिक विभागाला माहीत असतं, पण फोन उचलणाऱ्याला माहीत असेलच असं नाही. म्हणून तक्रारीच्या नोंदीत हे शब्द लिहून घ्यायला लावा आणि माणूस रात्रीच्या वेळेत पाठवायला सांगा.

दुपारचे आणि रात्रीचे आकडे मिळाले की इथेच टाका. अपस्ट्रीमच्या प्रत्येक चॅनेलची फ्रिक्वेन्सीही लिहा. टी-थ्री फक्त सर्वांत खालच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलवर येत असतील आणि वरचे स्वच्छ असतील, तर माझा नॉइजचा संशय बराच पक्का होईल.